वात खाली कर

दादाला विमानात लावायचे दिवे निवडायचे होते, आणि त्यासाठी त्याला काळोख हवा होता.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. अमेरिकेत असतो. गेली सात-आठ वर्षं रात्री जेवण उरकलं की घराच्या गॅरेजात जाऊन तो दोन माणसांचं विमान बांधतोय. सुटे भाग किटमधून येतात, पण निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतःच्या हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी केलेलं असलं पाहिजे, असा तिथला नियम आहे. आपल्याकडे घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. २०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. तिकडे मात्र हा नाद हजारो घरांत आहे आणि त्याला रीतसर वाट आहे. विमान तयार झालं की सुरुवातीचे २५ किंवा ४० तास चाचणीचे, तेही दिवसाच. मग नियमात बसत असेल तर रात्रीही उडता येतं.

मी रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटींची वायरिंग करतो. म्हणून मे महिन्यात घरी येताना दादाने वैमानिकापुढच्या यंत्रांच्या पॅनलचं मापात काढलेलं चित्र, एलईडीच्या चार-पाच जातींच्या पट्ट्या आणि मूठभर नॉब बरोबर आणले. पहिल्याच दिवशी चहा पिताना म्हणाला, “तिकडे रात्र अशी होतच नाही रे, सगळीकडे दिवे. आपल्या खळ्यात बसून बघू. तू सांग, मी ऐकतो.”

रत्नागिरीच्या उत्तरेला, आरे-वारे गावांच्या बाजूला मामांचं घर आहे. पुढे खळं, म्हणजे अंगण, त्यापुढे माड, आणि माडांच्या मागे फक्त दर्या. त्या घरात वीज आली तेव्हा मी शाळेत होतो, पण आजीने कंदील काही सोडला नाही. रात्री कुत्रं भुंकलं की ती कंदील घेऊन ओटीवर यायची, आणि हातातला कंदील वर धरण्याऐवजी त्याची वात खाली करायची. आम्ही उजेड वाढवायला गेलो की हातावर चापट बसायची. “वात खाली कर. बाहेर कोण उभं आहे ते दिसायला नको?” लहानपणी हे उलटं वाटायचं. दादाच्या कॉकपिटपाशी आम्ही पंधरा दिवस जे काही केलं, ते सगळं आजीच्या या एका वाक्यात बसतं.

आपल्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. शंकुपेशी ६० लाखांच्या आसपास. त्यांना भरपूर उजेड लागतो, पण रंग आणि बारीक अक्षर त्याच दाखवतात. दंडपेशी जवळपास १२ कोटी. त्यांना रंग कळत नाही, पण चांदण्यातली होडी त्याच दाखवतात. काळोखात गेल्यावर शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जेवढ्या जुळायच्या तेवढ्या जुळतात. दंडपेशींना अर्धा तास लागतो, कधी जास्त. त्यांच्यातलं ऱ्होडोप्सिन नावाचं द्रव्य उजेडाने विरघळतं आणि काळोखात पुन्हा हळूहळू साठतं. अर्धा तास जमवलेली ही पुंजी मोबाइलच्या एका झगझगाटाने क्षणात जाते.

त्यातही सगळे रंग सारखे नाहीत. आमच्या खळ्याच्या कडेला लाल जास्वंद आहे. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर तिच्याकडे बघत बसा. दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारं फूल आधी काळवंडतं, आणि पानं मात्र बराच वेळ फिकट उजळ राहतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे लिहून ठेवलं, म्हणून त्याच्या नावाने ते ओळखतात. दंडपेशींना निळा-हिरवा उजेड फार लवकर कळतो, गडद लाल जवळपास कळतच नाही. म्हणजे लाल उजेडात तुम्ही वाचत बसलात तरी दंडपेशी झोपल्यासारख्या राहतात, त्यांची पुंजी खर्च होत नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांत आणि विमानांत लाल दिवे लागले ते यासाठी.

माझ्या वडिलांनी पुर्किन्येचं नाव ऐकलेलं नव्हतं. ते तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे. होकायंत्रावरच्या बारक्या बल्बला ते गणपतीच्या मखरातून उरलेला लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळून वर दोरा बांधायचे. विडी पेटवताना एक डोळा घट्ट मिटायचे. लांबचा दिवा शोधताना मला म्हणायचे, “दिव्यावर डोळा लावू नको, दिव्याच्या जरा बाजूला बघ.” तेही खरं आहे, कारण डोळ्याच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच. काळोखात ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नाहीसं होतं.

तेव्हा माझी बाजू ठरलेली होती. पहिल्याच रात्री मी दादाला सांगितलं, सगळं लाल लाव आणि मोकळा हो.

त्याने काही वाद घातला नाही. आत जाऊन माझ्या वडिलांची वही घेऊन आला. ती निळ्या पुठ्ठ्याची वही याच घरात देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असते. जाळी कुठे लागतात, खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, कुठे आहे, कुठल्या डोंगराच्या सोंडेवर कुठलं देऊळ आलं की वळायचं, असं सगळं त्यांनी तिच्यात लिहिलंय. निळ्या शाईत वाटा आणि लाल शाईत धोके. दादाने लाल पट्टी लावली आणि वही माझ्यापुढे धरली. वाटा सगळ्या दिसत होत्या. पानावर एकही खडप नव्हतं. लाल उजेडात पांढरा कागदही लाल आणि लाल शाईही लाल. सगळे धोके कागदात मुरून गेले होते.

मी ती वही कितीतरी वेळा हातात घेतली आहे. त्या रात्री मात्र अंगावर काटा आला. वडील बोटीवर ही वही उघडून बसत नसत, त्यांना ती पाठ होती, आणि म्हणूनच हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दादाने मग त्याचा नकाशा काढला. अमेरिकेत वैमानिक वापरतात त्या कागदी नकाशांवर नियंत्रण मनोरा नसलेले विमानतळ किरमिजी रंगात छापलेले असतात, काही नियंत्रित हवाई क्षेत्रांच्या हद्दीही किरमिजी रेघांनी आखलेल्या असतात. लाल उजेडात त्या फिकट होत होत कागदात विरत गेल्या. शिवाय आणखी एक अडचण होती, आमच्या वयाची. लाल किरण डोळ्यात जरा मागे जाऊन एकवटतात, त्यामुळे जवळचं वाचायला डोळ्याला जास्त ताण द्यावा लागतो. चाळिशीनंतर हा ताण देण्याची ताकदच कमी होते. वय वाढलं की बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं मानतात. दादा ५८ वर्षांचा आहे. लाल उजेडात इंधनाचा आकडा वाचताना तो मान मागे-पुढे करत होता, आणि विमानात ती मान बाहेर बघायला मोकळी असायला हवी.

म्हणून लाल बाजूला पडला. सगळा नव्हे, पायांशी, जिथे काही वाचायचं नसतं, तिथे राहिला. पॅनलवर पिवळसर पांढरा घ्यायचा आणि अगदी, अगदी मंद ठेवायचा, असं आम्ही ठरवलं. रंगाचा वाद लोक खूप घालतात. माझं मत आता असं झालंय की मंदपणा जमला तर रंगाचं महत्त्व निम्मं होतं, आणि मंदपणा जमला नाही तर कुठलाच रंग वाचवत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. एलईडीच्या पट्ट्या नव्या निघाल्या तेव्हा एका बोटीच्या केबिनमध्ये मी मोठ्या उमेदीने पांढरीशुभ्र पट्टी लावली होती. दुसऱ्याच खेपेला तांडेल परत आला. पट्टी उपटून त्याने हातात आणली होती. “केबिन लग्नघरासारखी केलीस,” तो म्हणाला, “पण मला समोर काच दिसते. दर्या दिसत नाही.” नांगर टाकून उभी असलेली एक छोटी होडी, तिच्यावर मिणमिणता एकच दिवा, त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली. सुकाणू कसंबसं फिरवलं. त्या होडीत दोन माणसं होती. तो ओरडला नाही, पैसेही परत मागितले नाहीत, पट्टी टेबलावर ठेवून निघून गेला. त्यानंतर एकाही बोटीचा दिवा मी दिवसा तपासलेला नाही.

दादाच्या पॅनलचंही तसंच केलं. चित्र प्लायवूडवर चिकटवलं, मीटरच्या जागी भोकं पाडून त्यात जुने मीटर बसवले, आणि दुचाकीची १२ व्होल्टची बॅटरी खाली ठेवली. रोज रात्री नऊला घरातले सगळे दिवे बंद. वहिनी आणि मुलं माजघरात दार लावून बसायची. आम्ही दोघं खळ्यात अर्धा तास नुसते बसायचो, डोळे जुळेपर्यंत. त्या अर्ध्या तासात आम्ही जितकं बोललो तितकं गेल्या वीस वर्षांत बोललो नसू.

खरी झटापट झाली ती मंद करण्यात. एलईडीची पट्टी जुन्या बल्बसारखी वागत नाही. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात आणि सोबत एक रेझिस्टर. व्होल्टेज खाली आणलं की बराच वेळ उजेडात फारसा फरक वाटत नाही, आणि मग एकदम ती विझते. पांढरी पट्टी साधारण आठ व्होल्टच्या आसपास डोळे मिटते, लाल सहाच्याही खाली मिणमिणत राहते. दोघींना एकाच नॉबवर बांधलं की एक विझते तेव्हा दुसरी भडक असते. म्हणून नॉब दोन केले. आम्हाला हवा होता तो उजेड नॉबच्या फेऱ्यात शेवटच्या जेमतेम दोन-तीन अंशांत सापडायचा. बोट जरा हललं की काळोख. हलत्या विमानात तसं चालणार नाही. व्होल्टेज कमी करायला आम्ही एलएम ३१७ ही तीन पायांची जुनी चिप वापरली होती. तिच्या बाजूचे रेझिस्टर बदलून बदलून मी नॉबचा अख्खा फेरा त्या मंद टप्प्यावर पसरवला. पट्टी पूर्ण तेजाने पेटायची सोयच काढून टाकली, कारण दिवसा ती लागत नाही आणि रात्री ती नकोच.

दुसरी रीत आहे, एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करण्याची. तिच्यात उजेड छान काबूत राहतो आणि चिप तापत नाही. पण ती चालू-बंद होणारी तार म्हणजे छोटं प्रक्षेपण केंद्रच होऊन बसते. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएम पद्धतीने चालतो, आणि एएममध्ये अशी किरकिर लगेच शिरते. घरातला जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून मी पट्टीजवळ नेला. नॉब फिरवला की घरघरीचा सूर बदलत होता. दादाने तो ऐकला आणि चालू-बंद करणारा तो डबा बंद करून ठेवून दिला.

मग आला छताचा प्रश्न. दादाच्या विमानाला डोक्यावरून पारदर्शक बुडबुड्यासारखं छत आहे. बोर्ड रंगवणाऱ्याकडून ॲक्रिलिकची पातळ शीट आणली, दोन खुर्च्यांच्या पाठींना बांधून तिची कमान केली आणि दादा आत बसला. दिवे लावल्याबरोबर त्याने हाक मारली. मी वाकून आत डोकं घातलं. वारे गावाच्या डोंगरावर, जिथे एकही घर नाही, तिथे दिव्यांची सरळ ओळ लागलेली. पट्टीचं प्रतिबिंब होतं ते. त्याच्या जरा वर एक पांढरट ढग तरंगत होता, आणि दादा हलला की ढगही हलत होता. तो त्याचा बनियन होता.

त्या रात्री आम्ही बरंच काही बदललं. पट्टी पॅनलच्या वरच्या ओठाखाली आत सरकवली, उजेड खाली पडेल पण एलईडी डोळ्याला दिसणार नाही अशी. ओठाला काळा, चमक नसलेला रंग दिला. आणि रात्री उडताना गडद शर्ट घालायचा, हेही लिहून ठेवलं. दादाच्या पॅनलवर दोन मोठे पडदे येणार आहेत. ते आपोआप मंद होतात, पण कंपनीने ठरवलेला मंदपणा त्याच्या डोळ्याला पुरेल असं नाही, म्हणून तो हाताने खाली आणायची सवय लावून घ्यायची. सगळ्यात त्रास दिला तो मोबाइल चार्ज करायच्या सॉकेटवरच्या तांदळाएवढ्या निळ्या दिव्याने. बाकी सगळं मंद केल्यावर तो चंद्रासारखा छतावर चढला. निळा म्हणजे दंडपेशींना सगळ्यात टोचणाऱ्या रंगांपैकी. त्याच्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन थर लावले आणि सुईने एक भोक पाडलं. असे निळे ठिपके आता बोटीवरही प्रत्येक यंत्रावर असतात. मी माझ्या खिशात टेपचा रोल ठेवूनच बोटीवर चढतो.

बाहेरचे दिवे आम्ही दहा मिनिटांत संपवले, कारण ते मला पाठ आहेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. विमानाने ही रीत जहाजांकडूनच घेतली. फ्यूजचंही तसंच. रात्री उडायचं तर वैमानिकाच्या हाताला लागतील असे जादा फ्यूज जवळ असले पाहिजेत असा तिकडे कायदा आहे. आमच्याकडे कायदा नसला तरी तांडेलाच्या डब्यात ते असतातच. पट्टी आणि नकाशाचा दिवा वेगवेगळ्या फ्यूजवर घेतला, आणि सगळंच गेलं तर गळ्यात दोरीने बांधलेली छोटी टॉर्च.

शेवटचा आठवडा अमावास्येचा होता. दादा म्हणाला, खळ्यात माड आडवे येतात, वर जाऊ. प्लायवूड, बॅटरी, शीट, खुर्च्या टेम्पोत घालून आम्ही सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर गेलो. कातळ दिवसभर तापून रात्रीही उबदार होता. समोर दर्या आणि आकाश यांच्यात रेघच नव्हती. मेच्या अखेरीस हवेत दमट धूसरपणा असतो तसा होता. एक जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे शेवटच्या दिवसांत बोटी बऱ्याच होत्या, आणि त्यांचे दिवे खालच्या ताऱ्यांत मिसळून गेले होते. अगदी लांब पश्चिमेला एका जागी आकाश पांढरं झालं होतं. एलईडीच्या झगमगाटाने मासे ओढायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तरी तसा उजेड मी अजून बघतो आणि दर वेळी पोटात कालवतं; त्या उजेडाच्या आसपास छोट्या होडीवाल्याला दुसरं काही दिसत नाही.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “जॉन केनेडी असाच गेला. धाकटा.” १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा हा मुलगा स्वतः विमान चालवत पाण्यावरून बेटाकडे निघाला होता, बरोबर बायको आणि मेहुणी. धूसर हवा, काळोख, क्षितिज नाही. विमान कुठे कललंय हे शरीराला कळेना आणि ते समुद्रात गेलं. तपासातही कारण तेच आलं. अशा वेळी नुसत्या आतल्या यंत्रांवर विश्वास ठेवून उडायचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. “ते मी घेतलंय,” दादा म्हणाला. “पण यंत्र वाचता आलं पाहिजे, आणि बाहेर जे थोडं दिसतं ते घालवता कामा नये. दोन्ही.”

तो कमानीखाली बसला. मी बाहेर उभा राहून नॉबवर हात ठेवला. रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड दक्षिणेला येत-जात होता. तो नको, असं मीच म्हटलं, तो कुणालाही दिसतो. किनाऱ्याजवळ एक होडी होती, तिचा दिवा असून नसल्यासारखा. “ती दिसते का सांग.” दिसत नव्हती. मी नॉब खाली आणला. “आता?” नाही. आणखी खाली. “आता आहे वाटतं... बाजूला बघितलं की आहे.” मग मी त्याच्या मांडीवर वडिलांची वही उघडून ठेवली आणि लाल शाई वाचायला सांगितली. तो अडखळत वाचत गेला, ‘दोन वाव पाणी, ओहोटीला टाळावे,’ आणि वाचून झाल्यावर मान वर केली. होडी अजून होती.

तिथे मी खिशातल्या सुरीने नॉबच्या कडेला खाच पाडली. बोटाला लागेल अशी, बघावी लागू नये अशी.

त्या पट्ट्या आणि तो नॉब आंबापोळीच्या डब्यात गुंडाळून दादा घेऊन गेला. चाचणीचे तास त्याने थंडी पडायच्या आत संपवले. त्याच्या पहिल्या रात्रीच्या उड्डाणाचा फोन आला तेव्हा इथे सकाळ होती, मी एका बोटीच्या इंजिनपाशी वाकलो होतो. इंजिन बंद करायला लावलं आणि बाहेर येऊन बसलो. एकटाच गेला होता, ओळखीच्या धावपट्टीभोवती, चांदणं नसताना. बाकी सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, “खाच बरोबर होती का?”

“नाही रे,” तो म्हणाला. “वीस मिनिटांनी मी त्याच्याही खाली आणला.”